बालकाचा प्रथम आहार : उष्टावणापासून वर्षपूर्तीपर्यंत



उष्टावण हा महाराष्ट्रातील घराघरांत आनंदाचा दिवस असतो. बाळाला मामाच्या मांडीवर बसवितात, चांदीच्या वाटीतील खीर ओठांना लावतात, छायाचित्रे निघतात आणि पंगत उठते. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वाटीत काय असावे, याविषयी घरात क्वचितच चर्चा होते. मुलाचे उष्टावण सहाव्या किंवा आठव्या महिन्यात आणि मुलीचे पाचव्या किंवा सातव्या महिन्यात करण्याची रूढी अनेक घरांत आहे. शरीरशास्त्राला हा भेद ठाऊक नाही. मुलगा असो वा मुलगी, सहा महिने पूर्ण होईपर्यंत केवळ आईचे दूध आणि त्यानंतर आईच्या दुधासोबत घरचे अन्न, हीच शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २००१ पासून केलेली आहे आणि भारत सरकारचे धोरणही तेच आहे. पाचव्या महिन्यात घाई नको आणि आठव्या महिन्यापर्यंत दिरंगाईही नको. समारंभाचा मुहूर्त ज्याने त्याने आपल्या सोयीने पाहावा. वाटी-चमचा मात्र सहा महिने पूर्ण होताच हाती घ्यावा.

सहाच महिने का, याचे उत्तर व्यापाऱ्याच्या भाषेत चटकन कळते. मूल जन्माला येते तेव्हा आईकडून लोहाचे काही भांडवल घेऊन येते. हे भांडवल गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत साठते. जन्मानंतर नाळ बांधण्यापूर्वी किमान एक मिनिट थांबल्यास त्यात आणखी भर पडते. पुढे बाळ झपाट्याने वाढते, पाच महिन्यांच्या सुमारास त्याचे वजन जन्माच्या दुप्पट होते, रक्त वाढते आणि लोह खर्ची पडत जाते. आईचे दूध अमृतासमान असले तरी त्यात लोह फार थोडे, एका लिटरमध्ये अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नसते. जे असते ते उत्तम पचते, हे खरे. पण सहा महिन्यांच्या आसपास शिल्लक संपत येते. कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांची शिल्लक तर त्याहून लवकर संपते, म्हणून त्यांना डॉक्टर लोहाचे थेंब पुष्कळ आधी सुरू करतात.

ही शिल्लक वेळेवर भरली जात नाही, याचा पुरावा सरकारी पाहणीत सापडतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ६ ते ५९ महिने वयाच्या भारतीय बालकांपैकी ६७ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. महाराष्ट्राचा आकडा ६९ टक्क्यांच्या जवळ होता. त्याच पाहणीत ६ ते २३ महिन्यांच्या बालकांपैकी पुरेसा आणि विविध आहार मिळणारी बालके सुमारे ११ टक्केच निघाली. ही केवळ दारिद्र्याची कथा म्हणून सोडून देता येत नाही. ज्या घरांत धान्याची कोठी भरलेली असते, तेथेही सात महिन्यांच्या बाळाच्या वाटीत वरणाचे पाणी असते.

या वरणाच्या पाण्याविषयी थोडे सविस्तर बोलणे आवश्यक आहे, कारण सर्वाधिक नुकसान येथेच होते. डाळ शिजविली, वरचे पिवळे पाणी निवळून घेतले आणि बाळाला पाजले की घरातील वडीलधाऱ्यांना समाधान वाटते. डाळीतले सत्त्व पाण्यात उतरले, असा समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात सत्त्व तळाशी राहिलेल्या डाळीत असते आणि ती डाळ घरातील मोठी माणसे जेवतात. सात-आठ किलो वजनाच्या बाळाच्या पोटात एका वेळी दोन-सव्वादोनशे मिलिलिटरपेक्षा अधिक मावत नाही. आईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे ६५ उष्मांक असतात. वरणाच्या निवळीत त्याच्या निम्मेही नसतात. म्हणजे पोटातील मोलाची जागा हलक्या मालाने भरली आणि भारी माल बाहेर राहिला. भाताची पातळ पेज, भाज्यांचे गाळलेले सूप, फळांचा पाणी घातलेला रस, साबुदाण्याचे पाणी, हे सर्व याच जातीचे होत. आईचे दूध कमी करून हे पाजणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

बाळाचे अन्न चमच्यात उभे राहिले पाहिजे; चमचा तिरपा केला तर ओघळू नये, हळूच घसरावे. सहा ते आठ महिन्यांच्या वयात आईच्या दुधाखेरीज दिवसाला सुमारे २०० उष्मांक अन्नातून मिळावे लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत सुमारे ३०० आणि वर्षानंतर सुमारे ५५०. आरंभी दोन-तीन चमचे पुरतात. मग हळूहळू अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीन वेळा. नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा. दोन-तीन वाट्या तांदळास एक वाटी मुगाची डाळ घेऊन केलेली मऊ खिचडी, तीवर चमचाभर साजूक तूप, यापेक्षा सोपे आणि सकस अन्न शोधून सापडणार नाही. धान्यातील प्रथिनांत जे उणे असते ते डाळीत असते आणि डाळीतले उणे धान्य भरून काढते. आजींना हे कोणी शिकविले नव्हते, पण त्यांच्या हाताला ते ठाऊक होते. खिचडी मिक्सरमधून पातळ करण्याची गरज नाही. चमच्याच्या पाठीने घोटली की झाले. आठ-नऊ महिन्यांत बाळाला हाताने उचलून खाता येईल असे मऊ तुकडे द्यावेत. अख्खे शेंगदाणे व फुटाणे मात्र घशात अडकतात, ते कूट करूनच द्यावे. वर्षभराचे मूल घरातील सर्वांचेच अन्न, तिखट वगळून, खाऊ लागले पाहिजे.

दाट लापशीत एक अडचण असते. ती थंड झाली की चिकट होते आणि बाळाला गिळता येत नाही; म्हणून आई पाणी वाढवीत जाते. यावरील उपाय बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील आहारशास्त्रज्ञ डॉ. तारा गोपालदास यांनी पुढे आणला. धान्य भिजवून, मोड आणून, वाळवून दळले की त्यात एक पाचक द्रव्य तयार झालेले असते. असे पीठ चमचाभर जरी दाट लापशीत मिसळले तरी ती काही मिनिटांत सैल होते, पाणी न घालता. महाराष्ट्रातील नाचणीचे सत्त्व याच मार्गाने जाते. मोड आल्याने लोहाला अडवून धरणारे द्रव्यही कमी होते, हा आणखी एक लाभ. नाचणीत कॅल्शियम अन्य सर्व धान्यांपेक्षा पुष्कळ अधिक असते, हे सर्वश्रुतच आहे. मात्र फडक्यातून फार गाळलेल्या पांढऱ्याशुभ्र सत्त्वात नाचणीचा बराचसा गुण चोथ्यासह निघून जातो, हे लक्षात ठेवावे.

येथे जैन घरांचा प्रश्न स्वतंत्रपणे पाहावा लागतो. मोड आलेले धान्य अनंतकाय म्हणून वर्ज्य मानणारी अनेक कुटुंबे आहेत. त्यांनी धान्य खमंग भाजून दळावे, किंवा ज्वारीच्या व राजगिऱ्याच्या लाह्यांचे पीठ करावे. भाजलेल्या पिठाची लापशी कच्च्या पिठाइतकी फुगत नाही, आणि तुपाने तिला बळ येते. बालरोगतज्ज्ञांच्या छापील तक्त्यात गाजर, बटाटा, रताळे, बीट ही कंदमुळे हमखास असतात. ती वगळली म्हणजे बाळाचे काही बिघडते, असे मुळीच नाही. गाजरात जे जीवनसत्त्व ‘अ’चे मूळद्रव्य असते, ते लाल भोपळ्यात, पिकलेल्या पपईत, आंब्यात आणि गर्द हिरव्या भाज्यांत असते. फक्त ते तुपावाचून अंगी लागत नाही. बटाट्याचे काम केळे आणि भात करतात. बिटाच्या लाल रंगाने रक्त वाढते ही समजूत रंगापुरतीच खरी आहे.

चातुर्मासात अनेक घरांत पालेभाज्या बंद होतात, अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसते. त्या काळात भोपळा, पपई, डाळी, भाजलेल्या तिळाचे कूट यांवर भर द्यावा. दही आणि डाळ एकत्र न करण्याचा द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांनी सकाळी खिचडी आणि दुपारी दहीभात द्यावा. दिवसाच्या हिशेबात काही उणे पडत नाही. रात्रिभोजनत्यागाविषयीही काही माता संभ्रमात असतात. व्रत हे समज आल्यावर स्वेच्छेने घ्यावयाचे असते; पाळण्यातील बाळ रात्री दुधासाठी रडले तर त्याला पाजावे, यात शंका घेण्याचे कारण नाही. पाणी उकळून पिण्याची आणि गाळून घेण्याची जी शिस्त जैन घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, ती बाळाच्या दृष्टीने वरदानच ठरते. मधाचेही तसेच. अनेक समाजांत जन्मल्याबरोबर मुलाला मध चाटवितात आणि वैद्यकशास्त्र आता सांगते की वर्षाच्या आत मध देऊ नये, कारण त्यातील एका जंतूच्या बीजामुळे तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडण्याचा धोका असतो. जे घर मध वर्ज्य मानते, त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. सहा महिन्यांपूर्वीची गुटी, वरचे पाणी आणि साखरपाणी मात्र अजूनही पुष्कळ घरांतून जायचे आहे. वर्षापर्यंत मीठ-साखरही वरून घालू नये.

लोहाकडे पुन्हा वळू या. वनस्पतिजन्य लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. त्याला आंबट सोबती लागतो. खिचडी चुलीवरून उतरविल्यावर तीत लिंबाचे चार थेंब पिळावेत, चुलीवर असताना पिळू नयेत, कारण उष्णतेने जीवनसत्त्व ‘क’ नाहीसे होते. हिवाळ्यात आवळा, एरवी मऊ पेरूचा बिया काढलेला गर हेही चालते. याउलट चहा लोहाचा शत्रू. बशीतून बाळाला चहा पाजण्याचे कौतुक काही घरांत अजून आहे. ते थांबले पाहिजे. वर्षाच्या आत गाईचे वा म्हशीचे दूध मुख्य पेय म्हणून देणेही योग्य नव्हे. त्यात लोह नगण्य असते आणि त्याने पोट भरले की बाळ अन्नाकडे पाहत नाही. आठव्या महिन्यात बाटलीभर दूध पिणारे गुबगुबीत बाळ पुष्कळदा आतून फिकट असते. अन्नात मिसळलेले थोडे दूध, दही, घरचे पनीर यांना हरकत नाही. एवढे करूनही अन्नातील लोह अपुरे पडते, म्हणून २०१८ च्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात ६ ते ५९ महिन्यांच्या प्रत्येक बालकास आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोह-फॉलिक आम्लाचे औषध देण्याची योजना करण्यात आली. त्यात २० मिलिग्रॅम लोह असते. नऊ महिन्यांच्या गोवराच्या लसीबरोबर जीवनसत्त्व ‘अ’चा एक लाख एककांचा पहिला डोस मिळतो. ही योजना १९७० पासूनची आहे. ‘सरकारी औषध आपल्याला कशाला’ असे म्हणून सुखवस्तू कुटुंबे या दोन्हींकडे पाठ फिरवितात, हे शहाणपणाचे नव्हे. जीवनसत्त्व ‘ड’चे ४०० एककांचे थेंब तर जन्मापासून वर्षभर रोज द्यावेत, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. आईच्या दुधात ते फार कमी असते आणि कोवळ्या सकाळच्या उन्हातून पुरेसे मिळत नाही.

आता शाकाहारी घरांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या विषयाकडे, म्हणजे जीवनसत्त्व ‘बी-१२’कडे यावयाचे आहे. त्याची हकीकत मुंबईच्या कापडगिरण्यांपासून सुरू होते, हे कापडाच्या व्यवसायातील श्रोत्यांनाही कदाचित ठाऊक नसेल. १९२८ साली डॉ. ल्यूसी विल्स या इंग्रज संशोधिका मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गर्भवती स्त्रियांमध्ये एक तीव्र रक्तक्षय आढळत असे आणि त्याचे कारण कोणास उमगत नव्हते. या स्त्रियांच्या आहारातच काही तरी कमी आहे, हे विल्सबाईंनी ओळखले आणि यीस्टचा अर्क देऊन त्यांना बरे केले. १९३१ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल. पुढे १९४८ साली बी-१२ हे लाल स्फटिकांच्या रूपात वेगळे करण्यात आले. दोन्ही जीवनसत्त्वे रक्त घडविण्याच्या कामात भागीदार आहेत; पण फॉलिक आम्ल भाजी-डाळीतून मिळते, बी-१२ कोणत्याही वनस्पतीत तयार होत नाही. ते केवळ सूक्ष्म जीवाणू तयार करतात आणि शाकाहारी माणसापर्यंत ते दूध-दह्यातूनच पोचते.

१९६२ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टरांनी काही भारतीय बालकांचे वर्णन ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. ही बालके अंगावर पिणारी होती. त्यांची कातडी, विशेषतः बोटांच्या पेरांवर, काळवंडली होती, रक्त कमी होते, चेहरे उदासीन झाले होते आणि हातापायांना आपोआप हालचाली होत होत्या. त्यांच्या मातांच्या रक्तात आणि दुधात बी-१२ कमी होते. ते दिल्यावर बालके सुधारली. अशी बालके भारतीय रुग्णालयांत आजही येतात. साधारण सहा महिन्यांपर्यंत हसणारे, मान धरणारे मूल हळूहळू हसणे विसरते, बसू लागलेले मूल बसेनासे होते, हात थरथरू लागतात. बाहेरून ते अंगाने भरलेले दिसते, म्हणून घरच्यांना वाटते की दृष्ट लागली. औषध अल्प मोलाचे आहे आणि गुणही लवकर येतो. पण फार विलंब झाल्यास मेंदूच्या वाढीत राहिलेली उणीव पूर्णपणे भरून निघेलच, असे कोणताही डॉक्टर सांगत नाही.

हा प्रश्न एका समाजाचा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रिया व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. त्यात दोनतृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ कमी आढळले. मांसाहार निषिद्ध नसलेल्या घरांतही तो क्वचितच परवडतो आणि डेअरीला दूध घालणाऱ्या घरातील सुनेच्या वाट्याला दूध येत नाही. ज्या मातांत बी-१२ कमी पण फॉलिक आम्ल भरपूर होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी पुढील काळातील मधुमेहाची पूर्वचिन्हे अधिक दिसली, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात नमूद आहे. याचा अर्थ गर्भारपणातील फॉलिक आम्लाची गोळी सोडावी असा नव्हे. तिच्या जोडीला बी-१२ असावे, एवढाच.

प्रौढ माणसाला दिवसाकाठी दोन-अडीच मायक्रोग्रॅम बी-१२ पुरते. सराफाच्या काट्यालाही न कळणारे हे वजन आहे. अर्धा लिटर दुधात कागदोपत्री जवळजवळ तेवढे असते. परंतु दूध वारंवार उकळल्याने काही भाग नष्ट होतो, काही पचत नाही, आणि बाळंतिणीची गरज तर वाढलेली असते. डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे लाडू तिला अवश्य द्यावेत, पण त्यांत बी-१२ नसते. कडधान्ये, इडली-डोसा किंवा बाजारातील स्पिरुलिना यांवरही भिस्त ठेवता येत नाही. स्पिरुलिनातील बराचसा अंश शरीराला न चालणाऱ्या नकली रूपात असतो. तेव्हा निखळ शाकाहारी घरातील स्त्रीने विवाहानंतर, निदान गर्भधारणेची चाहूल लागताच, रक्तातील बी-१२ तपासून घ्यावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी सुरू करावी. बाळंतपणानंतर बाळ अंगावर पीत आहे तोवर ती चालू ठेवावी. बाळाला थेंबांची गरज आहे की नाही, हेही डॉक्टर त्यावरूनच ठरवितात. आईचा गल्ला रिकामा असेल तर बाळाला उसनवारी कोठून मिळणार?

अशा औषधांविषयी धार्मिक घरांतून एक रास्त शंका विचारली जाते. बी-१२ची गोळी जीवाणूंच्या किण्वनातून तयार होते, तीत प्राणिज अंश येत नाही. प्रश्न येतो तो कॅप्सूलच्या आवरणाचा. ते पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून केलेले असते. म्हणून गोळी किंवा थेंब मागावेत. जीवनसत्त्व ‘ड-३’ बहुधा मेंढीच्या लोकरीवरील मेणापासून काढतात. ज्यांना तेही नको, त्यांच्यासाठी दगडफुलासारख्या वनस्पतीतून काढलेले ‘ड-३’ मिळते. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या मालावर हिरवे चिन्ह पाहावे. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्यावर ते असेलच असे नाही, तेव्हा औषधविक्रेत्यास विचारावे. नियम पाळून औषध घेण्याचा मार्ग उपलब्ध आहे. शंका आली म्हणून औषधच टाळणे हे बाळाच्या जिवाशी खेळणे होईल.

तयार डब्यांतील शिशुआहाराविषयी दोन शब्द. १९९२ च्या कायद्याने आणि त्यातील २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांखालील बालकांच्या अन्नाची जाहिरात करण्यास भारतात मनाई आहे. त्या डब्यांत लोह व जीवनसत्त्वे मिसळलेली असतात, हे मान्य करावे लागेल. प्रवासात ते सोयीचेही पडतात. परंतु किंमत मोठी, काहींत वरून घातलेली साखर, आणि बाळाच्या जिभेला घरच्या वरणभाताची ओळख उशिरा होते. विकत घ्यावयाचाच असेल तर डब्यावरील घटकांची यादी वाचूनच घ्यावा. दूधबाटली तर नकोच; तिच्या बुचात जंतू दडतात. वाटी आणि चमचा, साबणाने धुतलेले हात, ताजे अन्न, एवढे पुरे.

बाळाने पहिल्या दिवशी घास थुंकला म्हणून पदार्थ बाद करू नये. आठ-दहा वेळा चाखल्यावर चव रुळते. ताप किंवा जुलाब असताना अन्न बंद करण्याची जुनी पद्धत घातक आहे. त्या काळात अंगावर अधिक वेळा पाजावे, थोडे थोडे भरवावे आणि बरे झाल्यावर दोन आठवडे एक जेवण जादा द्यावे.

दर महिन्याला अंगणवाडीत किंवा दवाखान्यात वजन करून माता-बाल संरक्षण कार्डावरील आलेखात ठिपका मांडावा. शेजारच्या मुलाशी तुलना नको. स्वतःच्या मागील ठिपक्याशी करावी. सलग दोन महिने रेघ आडवी राहिली, बाळ फिके दिसू लागले, बोटांची पेरे काळवंडली किंवा येत असलेली एखादी गोष्ट ते विसरले, तर आहाराचे घरगुती प्रयोग न करता त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञाकडे न्यावे. जाताना आईनेही आपल्या रक्ततपासणीचे कागद सोबत ठेवावेत, आणि ती झालेली नसेल तर त्याच दिवशी करून घ्यावी.